पगाराआधी पोट

खंडेराव मार्केटला पुढून गेलात तर महापालिका लागते आणि मागून गेलात तर मंडई. बडोद्यात पहिल्यांदा आलेला पाहुणा इथं हमखास चुकतो. नाव मार्केटचं, घुमट आणि छत्र्या राजवाड्याच्या, आणि पुढच्या दारात माणसं उभी ती वेराबिलं म्हणजे कराची बिलं नि जन्माचे दाखले हातात घेऊन. भाजी कुठं मिळते असं विचारलं की कुणीतरी न बोलता हातानंच दाखवतं, मागं. मागं गेलं की झेंडूच्या राशी, थंडीत सुरती पापडी, तुवेरीच्या शेंगा, ओली हळद, जांभळं रताळू, आणि पायाखाली कोथिंबिरीच्या काड्यांचा चिखल.

सयाजीराव महाराजांनी ही इमारत १९०६ च्या सुमारास, आपल्या राज्यकारभाराच्या रौप्यमहोत्सवानिमित्त, खंडेराव महाराजांच्या स्मरणार्थ बांधली आणि नगरपालिकेला दिली. आज पुढची दालनं कारभाराची आहेत आणि भाजीफुलं मागं. बडोद्याला अशी अदलाबदल नवी नाही. सुरसागराजवळचं १८९६ मधलं न्यायमंदिर हेही आधी मंडई म्हणूनच योजलं होतं, असं शहरात सांगतात. पुढं तिथं कोर्ट भरलं आणि बडोदेकरांच्या कित्येक पिढ्यांनी त्या कमानींखाली तारखा घेतल्या.

एका थंडीत मागच्या बाजूला मी तुवेरीच्या शेंगा निवडत होते. शेजारी दोघीजणी मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होत्या. त्यातली एक मधेच दुसरीला म्हणाली, "खाधाखोराकी आवी गई?" दुसरीनं जुडी पिशवीत टाकत उत्तर दिलं, "अरधी."

खाधाखोराकी. नवऱ्यानं टाकलेल्या बायकोला आणि मुलांना कोर्टाच्या हुकमानं मिळणाऱ्या पैशाला गुजरातीत हा जुना शब्द आहे. वर्तमानपत्रं भरणपोषण लिहितात, लोक खाधाखोराकी म्हणतात. मराठी कानाला तो आधी थोडा हसवतो, कारण आपल्याकडं खादाड आणि खुराक दोन्ही शब्द पैलवानाच्या आसपासचे. मग लक्षात येतं की आपला शब्द काही वेगळा नाही. आपण तर थेट पोटालाच हात घातला: पोटगी.

पोट हा शब्द प्राकृतातल्या पोट्टवरून आलेला, घराघरातला. त्याला लागलेला गी देणगी, परवानगी, मर्दानगी या शब्दांच्या रांगेतला, फारसी वळणाचा, दरबारी. घरातलं पोट आणि दरबारातला गी एकत्र आले आणि त्यातून कचेरीत चालणारा शब्द झाला. पूर्वी तो बायकोमुलांपुरता नव्हता. कुणाच्याही पोटापुरतं जे नेमून दिलं जाई ते पोटगी. नवरा, बायको, फारकत आणि कोर्ट या चौकटीत तो पुढं अडकला आणि आता त्यातून बाहेर येत नाही.

त्याच्या शेजारी मराठीत आणखी एक शब्द होता, अन्नवस्त्र. विधवा सून दिराविरुद्ध कोर्टात जाई तो अन्नवस्त्राचा दावा. सरदारघराण्यातल्या बायकांचा थाट निराळा. त्यांना चोळीबांगडीसाठी गावं नेमून दिलेली असत. गायकवाडांच्या वाड्यात खानगी खातं होतं आणि त्यातून नेमणुका निघत. म्हणजे वाड्यात नेमणूक, सरदाराकडं चोळीबांगडी, मध्यमवर्गात अन्नवस्त्र आणि गरिबाघरी पोटगी. गरज तीच असली तरी पायरीप्रमाणं नाव बदलत गेलं.

संस्कृत त्याही मागं जातं. भृ म्हणजे भरणं, पोसणं. त्यावरून भर्ता, म्हणजे पोसणारा, आणि भार्या, म्हणजे जिला पोसायचं ती. ओव्यांतला भ्रतार आणि कोर्टाच्या कागदावरचं भरणपोषण हे एकाच मुळाचे दोन फुटवे. म्हातारे आईबाप, बायको आणि तान्हं मूल यांना वाटेल ते करून पोसावं, असं मनूच्या नावावर सांगणारं वचन मिताक्षरेनं घेतलं आणि पुढच्या धर्मशास्त्र्यांनी ते पुन्हापुन्हा पुढं केलं. इंग्रजीतला ॲलिमनी लॅटिनमधल्या अन्न घालण्याच्या क्रियापदावरून आलेला. हिंदीतला गुजारा म्हणजे दिवस काढणं. अरबी-उर्दूतला नफका म्हणजे खर्च. कुठल्याही भाषेत जा, बहुतेक ठिकाणी या पैशाच्या तळाशी ताट आहे.

शब्द असा मंडईत जन्मलेला. तो पैसा वसूल करण्याचं तंत्र मात्र कचेरीत जन्मलं, आणि जन्मलं ते पोरासाठी नव्हे. त्याची कुळकथा खरी गमतीची आहे.

आधी कायदा कुठून आला ते पाहू. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडात गावच्या चर्चवर गरिबांना पोसायची जबाबदारी होती. १५७६ च्या कायद्यानं लग्नाबाहेरच्या मुलाचा खर्च आईबापांवर टाकला, का, तर तो गावावर पडू नये. १८२४ च्या भटक्यांविषयीच्या कायद्यात बायकोला वाऱ्यावर सोडून तिला गावाच्या गळ्यात बांधणारा नवरा गुन्हेगार ठरला. म्हणजे चिंता बाईची नव्हती, गावच्या तिजोरीची होती.

हीच दृष्टी बोटीनं हिंदुस्थानात उतरली. १८६१ च्या फौजदारी संहितेपासून बायकोमुलांच्या पोषणाची तरतूद दिवाणीत न बसता फौजदारी कायद्यात बसली. १८७२ ची संहिता घडवणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनीही ही कलमं भटकंती रोखण्याचा उपाय म्हणूनच पाहिली. टाकलेली बाई उपाशी राहिली तर भीक मागेल, पोर चोरी करेल, मग पोलिसांना काम. त्यापेक्षा नवऱ्याकडून घ्या. १८९८ च्या संहितेत हे कलम ४८८ झालं. कमाल मर्यादा दरमहा ५० रुपये. पुढं ती १०० झाली, १९५५ मध्ये ५००. १९७३ च्या नव्या संहितेत कलमाचा आकडा १२५ झाला, पण ५०० रुपये तसेच राहिले. ती मर्यादा केंद्रानं काढून टाकली २००१ मध्ये. मधल्या शेहेचाळीस वर्षांत तुरीच्या डाळीचा भाव कुठून कुठं गेला याचा हिशेब मंडईतल्या कुणालाही विचारावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १२५ चं १४४ झालं. जुने वकील अजून एकशेपंचवीसच म्हणतात.

बडोदे संस्थान या ब्रिटिश संहितांच्या बाहेर होतं. इथं कायद्याला निबंध म्हणत आणि सयाजीरावांना असे निबंध करायची हौस होती. हिंदूंना घटस्फोटाची मुभा देणारा निबंध इथं १९३१ मध्ये झाला. मुंबई इलाख्याला त्यासाठी १९४७ पर्यंत थांबावं लागलं आणि देशाला १९५५ पर्यंत. त्याच १९३१ मध्ये बडोद्यानं 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू' काढला: राज्यकारभारातल्या एकेका इंग्रजी शब्दाला मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू, फारसी असे पर्याय शेजारी शेजारी मांडणारा कोश. ज्या राज्याला लग्न मोडण्याचा कायदा आणि कारभाराच्या शब्दांचा कोश एकाच वर्षी सुचतो, त्याच्या राजधानीत पोटगीवर लिहायला वेगळं निमित्त लागत नाही. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि बडोद्याच्या बायकांनाही ४८८ लागू झालं.

आता तंत्राकडं. हुकूम झाला, आकडा ठरला, नवरा देत नाही. मग काय? फौजदारी वाटेनं वॉरंट निघतं. तरीही दिलं नाही तर थकलेल्या प्रत्येक महिन्याच्या रकमेबद्दल एक महिन्यापर्यंत कैद. कैदेत बसल्यानं देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये स्पष्ट केलं. कैद ही वसुलीची पद्धत आहे, वसुली नव्हे. पण आत बसलेला माणूस कमवत नाही आणि न कमावणाऱ्याकडून पोराच्या शाळेची फी येत नाही. दिवाणी वाट तर आणखी मासलेवाईक. देणेकऱ्याला दिवाणी कैदेत टाकायचं तर त्याच्या आतल्या जेवणाखाण्याचा भत्ता मागणाऱ्यानं कोर्टात भरायचा, असा नियम. नवऱ्यानं पोटगी दिली नाही म्हणून कोर्टात गेलेल्या बाईनं आधी नवऱ्याचं पोट भरायचं! पोटगी या शब्दाची याहून मोठी थट्टा कुणी केली नसेल.

यातून सुटायची वाट एकच, आणि ती साधी आहे. पैसा नवऱ्याच्या हातात पडल्यावर मागायचा नाही, पडण्याआधी घ्यायचा. म्हणजे पगारातून कापायचा.

ही कल्पना १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. ऑर्डर २१, नियम ४८. सरकारी नोकर, रेल्वेचा नोकर, आणि स्थानिक संस्थेचा म्हणजे नगरपालिकेचा नोकर, यांच्या पगारावर कोर्ट टाच आणू शकतं. पगार वाटणाऱ्या अधिकाऱ्याला हुकूम जातो: अमुक रक्कम दरमहा कापा आणि कोर्टात पाठवा. पण ही सोय केली होती सावकारासाठी. कारकुनानं लग्नाला कर्ज काढलं, फेडलं नाही, सावकारानं हुकूमनामा मिळवला, वसुलीची दरखास्त लावली. मग पगारावर टाच. त्या काळी २० रुपयांपर्यंतच्या पगाराला हात लावायचा नाही, त्यावरच्या पगारातून ठरावीक भाग घ्यायचा, अशी मर्यादा होती. कारकुनाच्या बायकोला नवऱ्यानं टाकलं असेल आणि तिच्या हातातही हुकूमनामा असेल, तर तिचा दर्जा सावकाराइतकाच. त्याच रांगेत, तेवढ्याच भागावर.

इंग्लंडात उलटं झालं. तिथं १८७० च्या कायद्यानं कामगाराची मजुरी जप्त करण्यावर बंदीच आणली होती. ती भिंत १९५८ मध्ये फोडली ती फक्त पोटगीसाठी. बाकीच्या देण्यांना ती वाट १९७० मध्ये मिळाली. आपल्याकडं सावकार आधी आत गेला आणि पोर मागून, तिकडं पोर आधी आणि सावकार मागून.

आपल्याकडची रांग पुढं दुरुस्त्यांनी मोडली. दिवाणी संहितेत १९७६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली, १ फेब्रुवारी १९७७ पासून लागू.  तिनं नियम ४८ च्या पाठीला ४८-अ जोडला. खाजगी नोकराचा पगारही आता मालकाकडून कापून घेता येऊ लागला. शिवाय कलम ६० मध्ये आता पोटगीसाठी वेगळा हिशेब आहे. हा हिशेब पगारपत्रकावर मांडून पाहण्यासारखा आहे.

समजा एकाचा पगार ३०,००० रुपये आहे. सावकाराचा किंवा बँकेचा साधा हुकूमनामा असेल, तर पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या २९,००० चे दोन तृतीयांश सुरक्षित. म्हणजे जास्तीत जास्त ९,६६६ रुपयांवर टाच येईल. पोटगीचा हुकूमनामा असेल तर गणित उलटतं. सुरक्षित फक्त एक तृतीयांश, म्हणजे १०,०००. बाकी २०,००० पर्यंत कापता येतात. किती कापायचे ते हुकमातला आकडा ठरवतो. पण हद्द एवढी लांब आहे. सावकारासमोर कायदा नोकराला सांभाळतो, पोरासमोर पोराला. कित्येक वर्षं एका रांगेत उभं केल्यावर कायद्याला हा फरक कळला, पण कळला.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते पगारबिलावर दिसतं. डाव्या बाजूला मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडं. उजव्या बाजूला कपाती: भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर, विमा, पतपेढीचा हप्ता. त्या यादीत एके दिवशी एक ओळ वाढते, कोर्ट कपात. या ओळीला नवऱ्याची सही लागत नाही आणि संमतीही लागत नाही. पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याकडं कोर्टाचा कागद आला की बिल करणारा कारकून ती ओळ घालतो आणि रक्कम कोर्टाकडं किंवा हुकमात सांगितलेल्या खात्यावर जाते. अधिकाऱ्यानं कागद ड्रॉवरमध्ये ठेवून पूर्ण पगार दिला तर? नियमात त्याचीही सोय आहे. हुकूम मोडून दिलेल्या रकमेला देणारा स्वतः जबाबदार. म्हणजे सरकार, नगरपालिका किंवा मालक यांना ती पुन्हा भरावी लागेल. एका ओळीनं सासुरवाडीच्या भांडणात ऑफिसला पक्षकार केलं, आणि ऑफिसला स्वतःचा पैसा जाईल ही भीती नवऱ्याच्या लाजेपेक्षा केव्हाही जास्त असते.

या ओळीचा आणखी एक गुण असा की तो कुठल्या कलमात लिहिलेला नाही. ती मुलाला निरोप्याच्या कामातून सोडवते. पोटगीच्या भांडणात सगळ्यात वाईट हाल मुलाचे होतात ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. "जा, बाबांकडून पैसे घेऊन ये." पोर बापाच्या दारात उभं राहतं, बाप म्हणतो आईला विचार मागचे काय केले. पगारातून कपात झाली की हा दरवाजा बंद होतो. बापालाही त्यात फायदा आहे. महिन्याच्या महिन्याला दिल्याचा पुरावा त्याच्याच पगारपत्रकावर छापून येतो. दिले की नाही दिले हा वाद उरत नाही. मुलाला भेटायला गेलेला बाप तेव्हा भेटायलाच गेलेला असतो, हिशेब द्यायला नाही.

कायद्यानं पुढं आणखी दोन पावलं टाकली. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम २० मध्ये मॅजिस्ट्रेटला सरळ अधिकार आहे: नवऱ्यानं दिलं नाही तर त्याच्या मालकाला सांगा, पगाराचा भाग थेट बाईला द्या किंवा कोर्टात भरा. दिवाणी दरखास्तीचा फेरा नको. आणि ४ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं पोटगीवरचा एक मोठा निकाल दिला. तो खटला नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेला. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि सुभाष रेड्डी यांनी दोन्ही पक्षांनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं असं सांगितलं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी असं सांगितलं, आणि या विषयाला लागून असलेलं तिसरं सूत्र: पोटगीचा हुकूम दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणं वसूल करता येईल. म्हणजे फौजदारी कोर्टाच्या कागदालाही ऑर्डर २१ ची दारं उघडली. १८६१ पासून वेगळ्या चालत आलेल्या दोन वाटा नागपूरच्या एका खटल्यात येऊन मिळाल्या.

बाहेरच्या देशांनी याच कल्पनेला यंत्रासारखं चालवलं. अमेरिकेत १९८४ च्या कायद्यानं हप्ता थकला की पगारातून कपात सुरू करणं राज्यांना सक्तीचं झालं. १९८८ च्या कायद्यानं थकण्याची वाटच पाहायची नाही असं ठरवलं. १९९४ पासून नवा हुकूम निघाला की कपात लगेच सुरू. पगाराच्या दिवसापासून सात कामाच्या दिवसांत मालकानं रक्कम राज्याच्या वाटप केंद्राकडं पाठवायची, तिथून ती मुलाच्या घरी. आज तिथं मुलांच्या खर्चाची बहुतांश वसुली याच वाटेनं होते. न्यू जर्सीतल्या मराठी घरात घटस्फोट झाला तरी पगारपत्रकावर ही ओळ येते, करांच्या ओळींसारखी. कुणी लाजत नाही, कारण ती शिक्षा नाही, पद्धत आहे. स्वीडननं तर १९३७ मध्येच वेगळी वाट धरली: बापानं दिलं नाही तर सरकार आधी देतं आणि मग बापाकडून वसूल करतं. पोराचं जेवण वसुलीसाठी थांबत नाही.

आपल्याकडं तंत्र आहे, पण ते मागावं लागतं. हुकूम झाला की कपात आपोआप लागत नाही. आधी थकावं लागतं, मग अर्ज, मग तारीख, मग नोटीस, मग ती नवऱ्याच्या पत्त्यावर न मिळता परत येते, मग पुन्हा तारीख. भाजीच्या दरात रोज फरक पडतो. दरखास्तीच्या तारखेत महिनोन् महिने पडत नाही. कधी अर्धी येते, कधी येत नाही. "अरधी" या उत्तरामागं एवढा सगळा कागद असतो.

आणि तंत्राची खरी हद्द खंडेराव मार्केटच्या भिंतीतच दिसते. पुढच्या भागातल्या नोकराचा पगार बिलावर निघतो. नियम ४८ मध्ये स्थानिक संस्था हे शब्द त्याच्याचसाठी घातलेले. कोर्टाचा कागद त्याच्यापर्यंत एका आठवड्यात पोचू शकतो. मागच्या भागात पगारबिल नाही. लारीवर, म्हणजे हातगाडीवर, पालक विकणाऱ्याचा गल्ला संध्याकाळी मोजला जातो, त्यातून उद्याचा माल आणि लारीचं भाडं निघतं, उरलेलं खिशात. हमाल, टेम्पोवाला, फुलांच्या माळा ओवणारा, कुणाच्याही पैशाला मधला माणूस नाही, म्हणून कापायला हात नाही. त्यांच्या बायकांसाठी वाट जुनीच: वॉरंट, जप्ती, कैद. लारी जप्त केली तर कमाईच जप्त होते.

म्हणजे पोटगी हा शब्द मागच्या दारातला आणि पोटगीचं तंत्र पुढच्या दारातलं. एकाच छपराखाली दोन्ही आहेत, पण मधली भिंत अजून पडलेली नाही. देशात कामकरी माणसांतले बहुसंख्य मागच्या दारातले आहेत, त्यामुळे ही हद्द लहान नाही. त्यांच्यासाठी उपाय कुठला हे उघड आहे: स्वीडनसारखं सरकारनं आधी द्यावं आणि मग वसूल करावं. त्यासाठी पैसा लागतो. आणि सोळाव्या शतकातल्या कायद्यानं जो खर्च बापावर ढकलला, तो पुन्हा गावानं उचलायची तयारी लागते. कुळकथा तिथं गोल फिरून सुरुवातीलाच येते.

तोवर पुढच्या दारापुरतं जे आहे ते तरी पूर्ण वापरावं. बहुतेक अर्जांत नवऱ्याचं नाव असतं, घरचा पत्ता असतो, आणि नोकरीच्या जागी फक्त "नोकरी" असं लिहिलेलं असतं. ज्या बाईला पगारातून पोटगी हवी आहे तिनं अर्जात एक ओळ जास्त लिहावी: पगारबिल कुठल्या कचेरीत निघतं आणि ते काढणाऱ्या अधिकाऱ्याचं पद काय. नाव लिहू नये. माणूस बदलतो, पद राहतं. खाजगी नोकरी असेल तर ती कचेरी त्या कोर्टाच्या हद्दीत आहे का हेही वकिलाला विचारावं, कारण ४८-अ ला हद्द लागते आणि सरकारी नोकराच्या ४८ ला लागत नाही. हुकमातच थेट कपात आणि आपलं बँक खातं यावं, अशी मागणी अर्जात घालावी. हुकूम मिळाल्यावर त्याची प्रत त्या अधिकाऱ्याच्या टेबलावर स्वतः नेऊन द्यावी आणि आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा.